फाउंडेशन मालिकेचा शेवट नेमका कुठे बिघडला? (रहस्यभेद आहे)

लंबवर्तुळ

'फाउंडेशन अँड अर्थ' (१९८६) हा कथेच्या कालक्रमाने आयझॅक असिमोव्हच्या फाउंडेशन या विज्ञानकथा मालिकेतला शेवटचा खंड. त्यानंतरची त्याची दोन्ही पुस्तकं मागे, योजना आखणाऱ्या गणितज्ञ सेल्डनच्या हयातीत जातात. म्हणजे गोष्ट पुढे सरकायची ती इथेच थांबली.

थांबली कुठे ते बघा. साम्राज्य कोसळल्यावर तीस हजार वर्षांचं अंधारयुग येणार, ते एक हजार वर्षांवर आणायचं, हे पहिल्या पुस्तकातलं वचन, हीच सेल्डनची योजना. 'फाउंडेशन्स एज' (१९८२) सुरू होतं फाउंडेशन सन ४९८ मध्ये आणि 'अर्थ' त्याला लागूनच घडतं. निम्मी वाटही झालेली नाही.

माझं मत असं की शेवटच्या प्रकरणाला दोष देण्यात अर्थ नाही. घोळ 'एज'च्या शेवटीच झाला. पहिलं फाउंडेशन (विज्ञानाचं), दुसरं फाउंडेशन (मनोबळाचं) आणि गाया (सगळ्यांचं मिळून एक मन असलेला ग्रह) या तिघांतून नायक ट्रेव्हिझ गाया निवडतो. का निवडली, ते त्याचं त्यालाच कळत नाही, आणि पुढचा अख्खा खंड या 'का'च्या मागे जातो. वाचक तीस वर्षं विचारत होता, 'योजना तडीस जाते का?' पुस्तक उत्तर देतं, 'ट्रेव्हिझने असं का ठरवलं?' या प्रश्नाचं. प्रश्नच बदलला.

इतर मालिकांचे दाखलेही येऊ द्या. पण कुठे आणि कशामुळे बिघडलं ते नेमकं सांगा. नुसतं 'आवडलं नाही' नको.

धूमकेतू७

प्रश्न बदलला हे शंभर टक्के पटलं. वाचनखूण साठवली.

जुनी_वही

मूळ मुद्द्याशी सहमत, पण बांधणीतला दोषही मोठा आहे आणि तो मोजून दाखवता येतो. पुस्तकाचे सात भाग आहेत: गाया, कॉम्पोरेलॉन, अरोरा, सोलारिया, मेल्पोमेनिया, अल्फा, अर्थ. मधल्या पाचांचा साचा एकच. यान उतरतं, तिथे एक धोका असतो, पुढचा धागा कसाबसा हाती लागतो, यान निघतं. अरोरावर रानटी झालेले कुत्रे, सोलारियावर एकांतवासी बँडर, मेल्पोमेनियावर कार्बन डायऑक्साइडवर जगणारं शेवाळ, अल्फावर विषाणू. धोके बदलतात, पण एका ग्रहावर जे घडलं त्याने पुढच्या ग्रहावरचा पेच वाढत नाही. अपवाद एकच, सोलारियाहून सोबत आलेलं फॉलम हे मूल. अरोरा आणि मेल्पोमेनिया यांची अदलाबदल केली तरी फारसं काही बिघडत नाही, यावरून काय ते समजावं.

दोन ग्रहांच्या मधे ट्रेव्हिझ आणि गायावासी ब्लिस यांचा वाद: एकेकटं जगणं बरं की सगळ्यांचं मिळून एक मन बरं? विषय भारी आहे. पण दुसऱ्या फेरीनंतर दोघांकडेही नवा मुद्दा उरत नाही.

एक गोष्ट मात्र उत्तम जमली आहे, ती म्हणजे पृथ्वी शोधायची रीत. कॉम्पोरेलॉनवर तीन जुन्या ग्रहांचे निर्देशांक मिळतात. ते हजारो वर्षं जुने, म्हणून ताऱ्यांची मधल्या काळातली हालचाल धरून दुरुस्त करावे लागतात. मेल्पोमेनियाच्या सभागृहात माणसाने आधी वसवलेल्या सगळ्या पन्नास ग्रहांची यादी सापडते. माणूस एका जागेवरून सगळ्या दिशांना पसरला असेल तर हे पन्नास ग्रह साधारण गोलाकारात असणार आणि मूळ जागा त्या गोलाच्या मध्याजवळ. असं विज्ञान पानोपानी असतं तर तक्रारच नव्हती.

सप्तपर्णी

मी विरुद्ध बाजूने बोलते. शेवट फसलेला नाही. उलट पूर्ण मालिकेतलं सर्वांत धाडसी उत्तर तिथे आहे.

मनोइतिहास म्हणजे समाजाचं भाकीत करणारं सेल्डनचं गणित; त्याची दोन गृहीतकं आपल्याला ठाऊक असतात. लोकसंख्या प्रचंड हवी आणि लोकांना भाकीत माहीत नको. शेवटच्या प्रकरणात ट्रेव्हिझला तिसरं सापडतं. ते इतकं उघड आहे की कुणी मांडलंच नव्हतं: आकाशगंगेत बुद्धिमान जीव एकच, माणूस. उद्या दुसऱ्या आकाशगंगेतून कुणी आलं तर सेल्डनची सगळी समीकरणं रद्द. म्हणून विखुरलेल्या माणसांपेक्षा एकजीव गॅलक्सिया (गायासारखं एक मन झालेली अख्खी आकाशगंगा) बरी. ही पळवाट म्हणता येणार नाही. पहिल्या कथेपासून पायाखाली असलेली फरशी लेखकाने उचलून दाखवली आहे.

आणि हे ऐनवेळी काढलेलंही नाही. 'एज'मध्ये गायावर डॉम एक दंतकथा सांगतो: काळाबाहेरच्या कुणीतरी अनेक शक्यतांमधून अशी सृष्टी निवडली जिच्यात फक्त माणूस उपजला. हा दुवा 'द एंड ऑफ इटर्निटी' (१९५५) या पुस्तकाकडे जातो. पेरणी एक खंड आधीच झाली होती, आपण ती गोष्ट म्हणून वाचून पुढे गेलो.

अर्धविराम

सप्तपर्णींच्या मुद्द्याला जोड. परग्रहवासी नसण्याचं मूळ कारण कथेच्या बाहेर आहे. या कथा १९४२ पासून 'अस्टाउंडिंग' मासिकात आल्या. संपादक कॅम्पबेल यांना परग्रहवासी आले की माणूस वरचढ ठरायला हवा असे. असिमोव्हला ते पटत नव्हतं आणि संपादकाशी वादही नको होता, म्हणून त्याने परग्रहवासीच काढून टाकले. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची ती तडजोड १९८६ मध्ये थेट कथानकाचं गृहीतक झाली! अशी भरपाई क्वचितच बघायला मिळते.

लंबवर्तुळ

सप्तपर्णी, तिसरं गृहीतक सुंदर आहे हे मान्यच. डॉमची दंतकथा माझ्या लक्षात आली नव्हती, तेवढ्यापुरता माझा आरोप मागे. पण बघा, ते पेलणारी एकही घटना पुस्तकात नाही. ते एका संवादात सांगून टाकलं जातं. दुसऱ्या आकाशगंगेतल्या कुणाचा मागमूसही आधी दिसत नाही, मग जोखीम वाचकाला जाणवणार कशी? दिसतं ते फक्त फॉलम, सोलारियाचं उभयलिंगी, मेंदूने ऊर्जा वळवू शकणारं मूल. शेवटची नजर त्याच्यावर पडते आणि पुस्तक संपतं. तो पुढच्या खंडाचा पहिला परिच्छेद होता. तो खंड आलाच नाही.

तिरकी_किनार

माझ्या मते खरा रोग 'पडद्यामागे पडदा'. फाउंडेशनच्या मागे दुसरं फाउंडेशन. त्याच्या मागे गाया. गायाच्या मागे चंद्रावर बसलेला वीस हजार वर्षांचा यंत्रमानव डॅनील. नंतर 'प्रील्यूड' (१९८८) मध्ये तर मनोइतिहासाला चालना देणाराही तोच निघतो.

पहिला पडदा उघडला तेव्हा मजा आली, कारण दुसरं फाउंडेशन आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला आहे हे सेल्डनने आधीच सांगून ठेवलं होतं. कडेचं दुसरं टोक म्हणजे केंद्र, म्हणजे साम्राज्याची राजधानी ट्रँटॉर, हे वाचकाला स्वतः सोडवता येण्याजोगं कोडं होतं. डॅनीलचा पडदा सोडवायचा तर यंत्रमानवांची वेगळी मालिका वाचलेली हवी, त्यातही 'रोबोट्स अँड एम्पायर' (१९८५) आणि त्यातला शून्यावा नियम (यंत्रमानवाने अख्ख्या मानवजातीचं हित आधी बघावं). ज्याने फक्त फाउंडेशन वाचलंय त्याला चंद्रावरचा हा गृहस्थ कोण, याचा पत्ताच नाही.

शिवाय प्रत्येक नवा पडदा मागच्या पात्रांचं कर्तृत्व खातो. साल्व्हर हार्डिनचं धोरण, आर्काडीची धडपड, सगळं कुणीतरी वरून सांभाळत होतं म्हटलं की त्यांच्या निर्णयांना वजन राहत नाही.

दुर्बीण

प्रत्येक गूढाचं उत्तर देण्याच्या हट्टावर रामाचा दाखला हवाच.

आर्थर क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा' (१९७३), म्हणजे सूर्यमालेत आलेल्या रामा या परक्या यानाची गोष्ट, वाचताना आनंद कशात आहे? मोजण्यात. पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद नळकांडं, चार मिनिटांत एक फेरी. आतली त्रिज्या आठ किलोमीटर धरून गणित केलं तर आतल्या भिंतीवर साधारण ५.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण येतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन. मधल्या वर्तुळाकार समुद्राचा उत्तरेकडचा कडा पन्नास मीटर आणि दक्षिणेकडचा पाचशे मीटर. का? यान उत्तरेकडे वेग घेईल तेव्हा पाणी दक्षिणेला चढेल म्हणून. कड्याच्या उंचीवरून इंजिनाचा अंदाज! उत्तर कुणी सांगत नाही, वस्तूच सांगते. आणि रामा सूर्याजवळून ऊर्जा घेऊन निघून जातं, आपल्याकडे ढुंकूनही न बघता.

नंतर जेंट्री ली यांच्यासोबतचे तीन खंड: १९८९, १९९१, १९९३. शेवटच्या 'रामा रिव्हील्ड'मध्ये सगळ्याचा हेतू सांगितला जातो, तोही थेट सृष्टिकर्त्याचा. ज्या गोष्टीची उंची तिच्या अबोलपणात होती तिला बोलतं केलं. इथे प्रश्न बदलला नाही, लंबवर्तुळ. जो प्रश्न अनुत्तरित राहायला हवा होता त्याचं उत्तर दिलं.

धूमकेतू७

रामावासी सगळं तीनदा करतात, पुस्तकं मात्र चार झाली :)

कोरा_कागद

अवांतर: वाचकांनी गणित करून लेखकाला पुढचा खंड लिहायला लावल्याचंही उदाहरण आहे. लॅरी निव्हनचं 'रिंगवर्ल्ड' (१९७०). ताऱ्याभोवती सुमारे पंधरा कोटी किलोमीटर त्रिज्येचं कडं, सेकंदाला १,२०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरणारं, म्हणजे आतल्या बाजूला पृथ्वीइतकं वजन मिळतं. अडचण अशी की कडं अखंड आणि ताठ असेल तर ते ग्रहासारखं कक्षेत नसतं. तारा बरोबर मध्यावर असेपर्यंत ठीक. जरा सरकलं की जवळ आलेल्या बाजूवरची ओढ वाढते, कडं आणखी सरकतं, शेवटी ताऱ्यावर आपटतं. १९७१ च्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणाच दिल्या. मग 'रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स'मध्ये कड्याच्या काठावर तोल सांभाळणारी इंजिनं आली, आणि त्यातली बरीचशी कुणीतरी यानांसाठी काढून नेल्याने कडं ढळायला लागलंय, हा पेचही आला.

चूक झाकली नाही, तिच्यातून गोष्ट काढली. मागाहून दुरुस्ती करावी तर अशी.

अर्धविराम

कोरा_कागद, हे अवांतर नाही, अगदी विषयाला धरून आहे. निव्हनने दुरुस्ती केली ती वस्तूची. असिमोव्हने 'एज'पासून केली ती अर्थाची. वस्तूची दुरुस्ती मागच्या खंडाला बळ देते, अर्थाची दुरुस्ती मागच्या खंडातून काहीतरी काढून घेते.

सांजवात

पीटर हॅमिल्टनची 'नाइट्स डॉन' त्रयी कशी विसरलात? १९९६, १९९७, १९९९, प्रत्येक खंड वीट म्हणून वापरता येईल असा. मेलेले परत येऊन जिवंतांची शरीरं बळकावतात आणि एकामागून एक ग्रह हातचे जातात. तीन खंडांत शंभर आघाड्या उघडलेल्या. शेवटी नायक जोशुआ एका महाशक्तीपर्यंत पोहोचतो, तिला सगळं सोपवतो, आणि त्या सगळ्या आघाड्या एकाच वेळी बंद होतात.

गंमत म्हणजे या महाशक्तीचा, 'झोपलेल्या देवा'चा, उल्लेख टायराथका या परग्रही जमातीच्या तोंडी आधीपासून आहे. म्हणजे पेरणी नव्हती असं म्हणता येत नाही. बिघडलं ते प्रमाण. इतर पात्रांनी हजारो पानं जे भोगलं त्यातलं काहीही त्या उत्तराला लागत नाही. लढाया हरल्या असत्या किंवा जिंकल्या असत्या, शेवट तोच.

जुनी_वही

सांजवात, ही कसोटी चांगली आहे. मधली पानं काढून टाकली तरी शेवट उभा राहतो का? राहत असेल तर शेवट कच्चा. 'अर्थ'ला लावून बघा: अरोरा, मेल्पोमेनिया, अल्फा काढा, चंद्रावरचा संवाद शब्दशः तसाच राहील. सोलारिया काढता येत नाही, फॉलममुळे. आणि पुस्तकातला सगळ्यात दमदार भागही सोलारियाच आहे.

सप्तपर्णी

ही कसोटी मला मान्य नाही. शोधकथेत चुकीच्या दारांनाही काम असतं. अरोरा, सोलारिया, मेल्पोमेनिया हे एकटेपणाचे तीन शेवट आहेत: माणूस नाहीसा होऊन कुत्रे उरले, माणूस उरला पण दुसऱ्याचा सहवास सहन होईना, आणि शेवटी हवाही उरली नाही. ट्रेव्हिझ गाया का निवडतो याचं उत्तर संवादात येण्याआधी ग्रहांवर दिसलेलं असतं. तुम्ही क्रम बदलता येतो म्हणालात, पण ही उतरंड क्रमानेच आहे.

जुनी_वही

उतरंडीचं पटलं. अदलाबदलीचं विधान मागे घेतो. वादाच्या फेऱ्या जास्त झाल्या, हे मात्र कायम.

पाणवठा

'ड्यून' मालिका राहिली. 'चॅप्टरहाउस' (१९८५) प्रचंड मोठ्या प्रश्नावर थांबतं, आणि १९८६ मध्ये फ्रँक हर्बर्ट गेले. पुढचे दोन खंड ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन यांनी २००६ आणि २००७ मध्ये आणले. 'चॅप्टरहाउस'च्या शेवटचं डॅनियल आणि मार्टी हे गूढ जोडपं, ज्यांच्या बोलण्यावरून ते मुखनर्तकांच्या (रूप बदलू शकणाऱ्यांच्या) वंशातले वाटतात, ते तिथे ओम्नियस आणि इरॅस्मस ही यंत्रं निघतात. ही दोन्ही नावं मूळ सहा खंडांत कुठेच नाहीत. ती या जोडीच्याच २००२ ते २००४ मधल्या पूर्वकथांतून आली. तिरकी_किनार म्हणतात तेच: उत्तराची किल्ली वेगळ्या कपाटात ठेवली.

दुर्बीण

क्लार्कच्या '३००१' (१९९७) बद्दलही हेच ऐकू येतं, पण तिथे एक गोष्ट कौतुकाची आहे. एकाश्माचा (परग्रहवासींनी माणसावर नजर ठेवायला सोडलेल्या काळ्या शिळेचा) वरिष्ठ ४५० प्रकाशवर्षांवर. विसाव्या शतकातल्या माणसाचा अहवाल तिथे पोहोचायला साडेचारशे वर्षं आणि हुकूम परत यायला तेवढीच. म्हणून संकट साधारण हजार वर्षांनी येतं. कालखंडाची ही उडी प्रकाशाच्या वेगाने ठरवली आहे, लेखकाच्या सोयीने नाही. बिघडलं ते पुढे: एवढ्या गूढ वस्तूवर संगणकी विषाणू सोडून काम तमाम! आणि त्याआधीच्या '२०६१'च्या शेवटी एकाश्मात सामावलेला फ्लॉइड इथे गायब. क्लार्कने हे खंड एकमेकांचे काटेकोर पुढचे भाग नाहीत असं स्पष्ट म्हटलं आहे, पण वाचक ओळीने वाचतो.

निळी_शाई

शेवट साधलेली एकही मालिका नाही का? 'एक्स्पान्स'चं नाव घेते. नऊ खंड, २०११ ते २०२१. सहाव्या आणि सातव्या खंडांत साधारण तीस वर्षांची उडी आहे, त्यामुळे पात्रं म्हातारी होऊन शेवटाला येतात. ज्या कड्यांच्या दारांनी हजाराहून जास्त सूर्यमालांचं जग उघडलं तीच शेवटी बंद होतात. किंमत उघड दिसते: प्रत्येक वस्ती एकटी पडणार. पेच ज्या वस्तूने आणला, सुटका त्याच वस्तूतून, आणि ती मोफत नाही.

गवतफूल

मी अजून एकही फाउंडेशन वाचलेलं नाही, धागा वाचून आता वाचायचंय. कुठून सुरू करू आणि कुठे थांबू?

तिरकी_किनार

गवतफूल, रहस्यं फुटली तरी हरकत नाही, वाचाच. प्रकाशनाच्या क्रमाने: 'फाउंडेशन' (१९५१), 'फाउंडेशन अँड एम्पायर' (१९५२), 'सेकंड फाउंडेशन' (१९५३). इथे थांबलात तरी तृप्त व्हाल. पुढे जायचं तर आधी यंत्रमानवांच्या कादंबऱ्या, निदान 'रोबोट्स अँड एम्पायर'पर्यंत, आणि मगच 'एज' आणि 'अर्थ'. नाहीतर डॅनील भेटेल तेव्हा काहीच वाटणार नाही. सगळ्यात शेवटी 'फॉरवर्ड द फाउंडेशन' (१९९३). 'प्रील्यूड'ने सुरुवात करू नका. कालक्रमाने ते आधी असलं तरी डॅनीलचं रहस्य तिथेच फुटतं.

सांजवात

'फॉरवर्ड'ला शेवटी ठेवण्याला दुजोरा. असिमोव्ह १९९२ मध्ये गेले, पुस्तक नंतर आलं. म्हातारा सेल्डन एकेक माणूस गमावत काम संपवतो. मालिकेची कथा 'अर्थ'पाशी संपते, पण निरोप घेतला जातो तो इथे.

कोरा_कागद

मूळ प्रश्नाकडे परत येतो. लंबवर्तुळ, 'योजना तडीस जाते का' याचं उत्तर मिळालं नाही म्हणालात. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणाची तळटीप बघा. प्रकरणांच्या सुरुवातीला 'एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका'तले उतारे आहेत. तळटीप सांगते की ते ११६ व्या आवृत्तीतून, फाउंडेशन सन १०२०, प्रकाशन टर्मिनस (पहिल्या फाउंडेशनचा ग्रह), प्रकाशकाच्या परवानगीने घेतले आहेत. म्हणजे हजार वर्षं उलटून वीस वर्षं झाल्यावरही टर्मिनस आहे, छापखाना आहे, आणि परवानगी मागावी लागेल असा वेगळा कुणीतरी प्रकाशकही आहे.

लंबवर्तुळ

कोरा_कागद, दंडवत! ही तळटीप डोळ्यांखालून गेली होती, पण तिच्यातल्या सनाचा विचारच केला नव्हता. मग तर पेच आणखी वाढतो. सगळी आकाशगंगा एक मन झाली असेल तर परवानगी कोण कुणाकडे मागेल, आणि ज्ञानकोश हवाच कुणाला? १९५१ ची तळटीप आणि १९८६ चा शेवट, दोन्ही एकदम खरे कसे असतील?

सप्तपर्णी

असू शकतात. गॅलक्सिया लगेच होत नाही. तिला काही शतकं लागणार आणि तोवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून तर डॅनीलला फॉलमचा मेंदू हवा असतो. ४९८ मध्ये आणखी पाच शतकं मिळवा, आपण १०२० च्याच आसपास येतो. ज्ञानकोश तेव्हा छापला जात असेल तर एकतर गॅलक्सिया अजून पुरी झालेली नाही, किंवा फॉलममुळे डॅनीलचा बेत फसला. त्या शेवटच्या नजरेचा रोख दुसऱ्या शक्यतेकडे आहे असं मला वाटतं.

जुनी_वही

तिसरी शक्यता: योजना अदृश्यच ठेवायची म्हणून टर्मिनस मुद्दाम चालू ठेवलं. 'एज'च्या शेवटी पहिल्या फाउंडेशनची ब्रॅनो आणि दुसऱ्याचा जेंडिबल दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटून परत पाठवलं जातं, ते प्रकरण पुन्हा वाचा. तेच पाचशे वर्षं चालवलं असेल तर?